सव्वीस टक्के कोणाचे?

रत्नागिरी जिल्ह्यातल्या सहकारी बँकांच्या आणि पतसंस्थांच्या वर्तुळात एक तक्रार इतकी रुळली आहे की ती खरी की खोटी हे आता कोणी तपासूनही पाहत नाही. आमच्या संस्थांत पूर्ण बँक होण्याची धमक आहे, पण रिझर्व्ह बँकेच्या अटी आडव्या येतात, अशी ती तक्रार. दाखले तयार असतात. सहारनपूरची शिवालिक मर्कंटाइल सहकारी बँक २६ एप्रिल २०२१ पासून स्मॉल फायनान्स बँक म्हणून काम करू लागली. असं रूपांतर झालेली देशातली ती पहिली नागरी बँक. जयपूरच्या एयू स्मॉल फायनान्स बँकेला ७ ऑगस्ट २०२५ रोजी युनिव्हर्सल, म्हणजे पूर्ण, बँक होण्यासाठी तत्त्वतः मंजुरी मिळाली. मग चिपळूण, राजापूर, दापोलीने कोणाचं घोडं मारलंय? या प्रश्नावर सभागृहात टाळ्या पडतात, आणि टाळ्या पडल्या की पुढचं वाक्य येतं: सहकार संपवण्याचा हा डाव आहे.

या युक्तिवादातलं जवळजवळ काहीच मला पटत नाही. अटी कठीण आहेत हे खरं. पण त्या शिथिल करा म्हणणारे ज्या फायद्याचं चित्र रंगवतात, तो रत्नागिरीच्या कर्जदाराला आणि ठेवीदाराला मिळणारच नाही. आणि ज्या अडचणींचं खापर अटींवर फोडलं जातं, त्यातल्या बऱ्याच संचालक मंडळाच्या टेबलावरच तयार होतात.

आधी अटी वाचू. त्यांच्यावर तावातावाने बोलणाऱ्या अनेकांनी ते कष्ट घेतलेले नसतात. पतसंस्थेला नागरी सहकारी बँक व्हायचं असेल, तर नवे परवाने २००४ पासून बंद आहेत. तेव्हा देशात १,९२६ नागरी बँका होत्या. विलीनीकरणं आणि रद्द झालेले परवाने यांतून मार्च २०२४ अखेर १,४७२ उरल्या. परवाने पुन्हा सुरू करण्याविषयी चर्चापत्र काढू, असं रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२५ च्या पतधोरणात जाहीर केलं, तेव्हा आपल्याकडे पेढे वाटायचेच बाकी राहिले होते. नागरी बँकेला स्मॉल फायनान्स बँक व्हायचं, तर त्यासाठी २७ सप्टेंबर २०१८ ची ऐच्छिक योजना आहे. अर्ज करणाऱ्या बँकेचं नेटवर्थ किमान ५० कोटी आणि भांडवल पर्याप्तता, म्हणजे जोखमीच्या मानाने स्वतःचं भांडवल, किमान ९ टक्के हवी. नव्या कंपनीचं काम सुरू होईल त्या दिवशी नेटवर्थ १०० कोटी आणि पाच वर्षांत २०० कोटी झालं पाहिजे. पर्याप्तता १५ टक्के राखायची, आणि भागभांडवलात प्रवर्तकांचा वाटा किमान २६ टक्के असायचा. त्याहून पुढे, पूर्ण बँक होण्यासाठी, २६ एप्रिल २०२४ चं परिपत्रक आहे. त्यात शेड्यूल्ड दर्जा, शेअर बाजारात नोंदणी, पाच वर्षांची समाधानकारक कामगिरी, १,००० कोटींचं नेटवर्थ, मागची दोन वर्षं नफा, आणि त्या दोन्ही वर्षांत ढोबळ एनपीए, म्हणजे अनुत्पादक कर्जं, ३ टक्क्यांच्या आत नि निव्वळ एनपीए १ टक्क्याच्या आत, एवढं सगळं एकत्र लागतं. बेंगळुरूच्या जना स्मॉल फायनान्स बँकेसारख्या देशभर पसरलेल्या बँकेचा अर्जही २०२५ मध्ये परत आला.

हे वाचल्यावर पहिला आक्षेप येतो तो असा की छोट्या बँकेला छोट्या अटी हव्यात. ऐकायला न्याय्य वाटतं. गंमत अशी की छोट्यांना छोट्या अटी आहेतच. विश्वनाथन समितीच्या शिफारशींनंतर २०२२ मध्ये नागरी बँकांचे चार स्तर झाले. १०० कोटींपर्यंत ठेवी असलेली बँक पहिल्या स्तरात येते. तिला पर्याप्तता ९ टक्के पुरते, आणि ती एकाच जिल्ह्यात काम करत असेल तर नेटवर्थ अवघं २ कोटी चालतं. रत्नागिरीच्या मारुती मंदिर परिसरात तीन-चार फ्लॅट घेतले की संपेल एवढी ही रक्कम, आणि तिच्या जोरावर लोकांच्या कोट्यवधींच्या ठेवी सांभाळायच्या. दुसऱ्या स्तरापासून पुढे १२ टक्के, पण तेही एकदम मागितलेले नाहीत. मार्च २०२४ अखेर १०, मार्च २०२५ अखेर ११ आणि मार्च २०२६ अखेर १२ अशी मुदत वाटून दिली. याला गळचेपी म्हणायचं तर सवलत कशाला म्हणायचं?

मला तर उलटाच प्रश्न पडतो. एका जिल्ह्यात रुतलेल्या बँकेला भांडवल कमी लागावं की जास्त? आपल्याकडच्या बँकेचा कर्जदार आंब्याचा, काजूचा, मासळीचा, नाहीतर या तिघांच्या पैशावर चालणाऱ्या बाजारपेठेतला. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं आणि दापोली-मंडणगडातल्या नारळी-पोफळी एका दुपारी आडव्या झाल्या. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला घासून गेलं आणि ऐन हंगामातला आंबा झाडाखाली पडला. दोन महिन्यांत, २२ जुलै २०२१ ला, चिपळूणची बाजारपेठ वाशिष्ठीच्या पाण्यात गेली. किराणा दुकानदाराचा माल बुडाला. त्याला माल देणाऱ्या घाऊक व्यापाऱ्याचं गोदाम बुडालं. दोघांना जामीन राहिलेल्या तिसऱ्याचं मेडिकल बुडालं. कर्जखात्यांच्या यादीत हे तिघे वेगवेगळे होते आणि त्यांच्या जामिनक्या कागदावर चोख होत्या. पुराला तिघेही एकच. ज्या बँकेच्या शाखा पुण्यात, नागपुरात, नाशकात आहेत, तिच्यासाठी असा पूर ही एका शाखेची अडचण असते. एका तालुक्यावर उभ्या असलेल्या बँकेच्या मात्र सगळ्याच खात्यांना एकाच दिवशी पाणी लागतं. त्या दिवशी गाठीला स्वतःचं भांडवल नसेल, तर नुकसान ठेवीदाराच्या पैशातून भरायचं, दुसरा मार्ग नाही. तेव्हा ९ टक्क्यांबद्दल कोणी गाऱ्हाणं घालायचंच, तर ते ठेवीदाराने घालावं.

दुसरा आक्षेप अधिक चलाख आहे, आणि आपल्या भागात तो हातोहात खपतो. रिझर्व्ह बँकेला कोकणचा हंगाम कळत नाही, ९० दिवसांचा एनपीएचा नियम मुंबईतल्या पगारदारांसाठी बनवला आहे, त्यामुळे आमची चांगली खातीही बिघडलेली दिसतात, आणि मग पुढच्या पायरीला लागणारं ३ टक्क्यांचं प्रमाण गाठताच येत नाही, असं म्हटलं जातं. यावर जरा थांबायला हवं, कारण यातला पूर्वार्ध खरा वाटतो आणि त्याच्या आड बरंच काही लपतं.

आंबा बागायतदाराचं वर्ष डोळ्यांसमोर आणा. पावसाळ्यात मोहोरासाठी कल्टारची मात्रा. मग मोहोर येण्याआधीपासून फळ धरेपर्यंत फवारण्यांवर फवारण्या, बागेत राहणाऱ्या नेपाळी राखणदारांचा पगार, वानरांचा बंदोबस्त, पेट्या, गवत, गाडीभाडं. पहिल्या पेट्या फेब्रुवारी-मार्चमध्ये वाशीच्या घाऊक बाजारात जातात त्या फोटोपुरत्या. खरा माल एप्रिल-मेमध्ये निघतो, आणि दलालाकडची हिशेबपट्टी पुरती होऊन पैसे हाती पडेपर्यंत जून उजाडतो. अशा माणसाच्या कर्जाला बँक मुदत कोणती टाकते? ३१ मार्च. का? कारण बँकेचं वर्ष तेव्हा संपतं.

मिरकरवाड्यातल्या ट्रॉलरची गोष्ट याहून ढळढळीत आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते हे तिथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. दोन महिने होडी ओढून ठेवलेली, खलाशी गावी गेलेले, मालक जाळी दुरुस्त करण्यात आणि इंजिन खोलण्यात उलट पैसे घालत असतो. त्याच्या ५० लाखांच्या कर्जाचा परतफेडीचा तक्ता मात्र बारा महिने सारख्या हप्त्याचा, कारण संगणकात समान मासिक हप्त्याचा साचा तयार आहे आणि हंगामाप्रमाणे तक्ता भरायचा तर एका कारकुनाला बसून तो हाताने भरावा लागतो. जूनचा हप्ता चुकतो, जुलैचा चुकतो. ऑगस्टमध्ये दर्या शांत होण्याची वाट पाहण्यात आणि डिझेल-बर्फ भरण्यात पैसे जातात. सप्टेंबरात खातं एनपीए. मग वसुली अधिकारी जेटीवर, आणि अध्यक्ष व्यासपीठावर सांगतात की रिझर्व्ह बँकेला हंगाम कळत नाही.

नियम काय म्हणतो ते पाहा. मुद्दल किंवा व्याज ज्या तारखेला देय आहे, तिच्यानंतर ते ९० दिवसांहून अधिक थकलं, तर खातं अनुत्पादक. शेतीच्या पीककर्जाला तर दिवसांऐवजी पीकहंगाम मोजण्याची मुभा आहे. आता ती देय तारीख कोण ठरवतं? मुंबईच्या मिंट रोडवर रिझर्व्ह बँकेत बसलेला कोणी अधिकारी नव्हे, तर मंजुरीपत्रावर सही करणारी बँक. ऑगस्टच्या शेवटापासून मेपर्यंत हप्ते विभागून जून-जुलै कोरे ठेवणारा तक्ता कोणत्याही परिपत्रकाने अडवलेला नाही. आंब्याच्या कर्जाची मुदत जूनअखेर ठेवली म्हणून कोणत्या बँकेला दंड झाल्याचं मी ऐकलेलं नाही. कर्ज देताना कर्जदाराचं उत्पन्न कधी येतं हे विचारणं हे बँकिंगचं पहिलं काम, आणि गावातली बँक गावाला जास्त ओळखते हाच तर सहकाराचा सगळा दावा आहे. तो दावा परतफेडीच्या तक्त्यात दिसत नसेल तर कुठे दिसणार?

बँक हे करत नाही, तेव्हा बागायतदार वाशीच्या दलालाकडे उचल मागायला जातो. दलाल हंगाम ओळखतो, जूनपर्यंत थांबतो, पट्टीतून वसूल करतो, आणि या सोयीची किंमत कमिशनात आणि भावात पुरेपूर कापून घेतो. त्याला कोणी युनिव्हर्सल बँकेचा परवाना दिलेला नाही.

यानंतर येतो तो भावनेचा मुद्दा: आपली पूर्ण बँक झाली की कोकणचा पैसा कोकणात राहील. कोकणात ठेवी भरपूर आणि कर्ज कमी, हे जुनं दुखणं आहे. गिरणगावातून येणाऱ्या मनिऑर्डरींपासून आखातातल्या पगारांपर्यंत पैसा इथे येत राहिला आणि बँकांच्या वाटेने इतरत्र कर्जाऊ जात राहिला. दुखणं खरं आहे, पण सुचवलेलं औषध त्याच दुखण्याचं कारण ठरलेलं आहे. त्यासाठी फार लांब जायला नको, घाट चढून पलीकडे पाहा.

१९४३ साली कोल्हापुरात स्थापन झालेली रत्नाकर बँक ही कोल्हापूर-सांगलीकडच्या व्यापाऱ्यांची, शेतकऱ्यांची, ओळखीवर कर्ज देणारी बँक. २०१० नंतर नवं व्यवस्थापन आलं, २०१४ मध्ये नाव आरबीएल झालं, २०१६ मध्ये ती शेअर बाजारात गेली. छोटी बँक मोठी कशी होते याचं हे पाठ्यपुस्तकातलं उदाहरण. ऑक्टोबर २०२५ मध्ये दुबईच्या एमिरेट्स एनबीडीने तिचा ६० टक्के हिस्सा सुमारे २६,८५० कोटी रुपयांना घेण्याचं जाहीर केलं. यात बेकायदा काही नाही, भागधारकांच्या दृष्टीने कदाचित उत्तमच. पण कोल्हापूरचा पैसा कोल्हापुरात ठेवण्यासाठी मोठी झालेली बँक म्हणून तिचा दाखला कोणी देऊ नये. तोही यशाचा दाखला. अपयशाचे तर ओळीने आहेत. साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न बँक १९३६ ची. सप्टेंबर २००६ मध्ये तिच्यावर निर्बंध आले आणि महिन्याभरात ती आयडीबीआयमध्ये गेली. त्याच वर्षी कुरुंदवाडची गणेश बँक फेडरल बँकेत, पुढच्या वर्षी सांगली बँक आयसीआयसीआयमध्ये. बँक ऑफ कराड तर १९९२ च्या रोखे घोटाळ्यातच बुडाली. या सगळ्या पूर्ण बँका होत्या. यांच्या परवान्यात कशाचीही कमतरता नव्हती.

आणि घरचं उदाहरण विसरून कसं चालेल? रत्नागिरी-सिंधुदुर्ग ग्रामीण बँक नावाची एक बँक होती. नावातच दोन जिल्हे. मोठं केल्याने बळकट होईल म्हणून ती दुसऱ्या ग्रामीण बँकांत मिसळली, मग आणखी मिसळून विदर्भ कोकण ग्रामीण बँक झाली आणि मुख्यालय नागपूरला गेलं. १ मे २०२५ पासून ‘एक राज्य, एक ग्रामीण बँक’ या धोरणाखाली तीही महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली आणि मुख्यालय छत्रपती संभाजीनगरला आहे. संगमेश्वरातल्या शाखेचा मोठा कर्जप्रस्ताव आता कुठल्या टेबलावर जातो याचा विचार ‘मोठं व्हा’ म्हणणाऱ्यांनी जरूर करावा. बँक वाढली की निर्णय वर सरकतो. कोकणातून पाहिलं तर ‘वर’ म्हणजे घाटापलीकडे.

आता मथळ्यातला प्रश्न. नागरी बँक जशीच्या तशी स्मॉल फायनान्स बँक होत नाही, ही गोष्ट सभांमध्ये सांगितली जात नाही. आधी प्रवर्तकांनी एक कंपनी काढायची, आणि सहकारी बँकेने आपली मालमत्ता, देणी, कर्जं, ठेवी त्या कंपनीच्या हवाली करायच्या. कंपनीच्या भागभांडवलात प्रवर्तकांचे किमान २६ टक्के हवेत. समजा भांडवल १०० कोटी धरलं, तर २६ कोटी. रत्नागिरी जिल्ह्यात २६ कोटी रुपये एका बँकेच्या शेअरमध्ये अडकवून ठेवू शकणारी माणसं किती आणि कोण? बागायतदार नव्हेत, मच्छीमार नव्हेत, राम आळीतले दुकानदार नव्हेत. फार तर काही बांधकाम व्यावसायिक, काही खाणवाले, काही मुंबईत व्यवसाय थाटलेले मूळचे रत्नागिरीकर. त्यांच्या पैशाबद्दल माझी काही तक्रार नाही. पण सहकारी बँकेत शंभर रुपयांचा एक शेअर असलेल्या कोळणीला आणि अध्यक्षांना एकेकच मत असतं. कंपनीत मत शेअरला असतं, माणसाला नसतं. पिढ्यान्‌पिढ्या सभासदांच्या न वाटलेल्या नफ्यातून साठलेला राखीव निधी अशा कंपनीच्या ताब्यात जाणार, आणि त्या कंपनीत सर्वांत जड माप २६ टक्केवाल्यांचं असणार. हे करायचं असेल तर उघडपणे करावं. ‘आपली बँक मोठी करूया’ असं सभासदांना सांगायचं आणि मुळात ती आपली राहणार की नाही एवढंच सांगायचं विसरायचं, हे बरोबर नाही.

सारस्वत बँक १९१८ पासूनची, देशातली सर्वांत मोठी नागरी सहकारी बँक. २०१५ मध्ये आर. गांधी समितीने २०,००० कोटींहून अधिक व्यवसाय असलेल्या बहुराज्यीय नागरी बँकांनी व्यापारी बँक व्हावं असं सुचवलं. त्या मर्यादेच्या कितीतरी पुढे असलेली सारस्वत आजही सहकारीच आहे, आणि तिचा कारभार अडलेला नाही. यूपीआय, नेट बँकिंग, परकीय चलन, गृहकर्ज यांपैकी कशासाठीही तिला नाव बदलावं लागलं नाही. ग्राहकाला ‘पूर्ण बँक’ म्हणजे हेच तर हवं असतं. परवान्यावरचं नाव बदलण्याची हौस संचालकांना असते.

राहिला ‘डाव’. बँकिंग नियमन कायद्यात २०२० मध्ये दुरुस्ती झाली आणि नागरी बँकांवर रिझर्व्ह बँकेची पकड घट्ट झाली. त्याआधी ३१ डिसेंबर २०१९ च्या परिपत्रकाने १०० कोटींहून अधिक ठेवींच्या बँकांना संचालक मंडळाबरोबरच जाणकारांचं व्यवस्थापन मंडळ नेमायला लावलं. त्यावर ‘बोर्डावर बोर्ड’ म्हणून बरीच चिडचिड झाली. मात्र ही सगळी घाई ज्या घटनेमुळे झाली, तिचं नाव या चिडचिडीत कधी येत नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेच्या ठेवीदारांना सहा महिन्यांत फक्त १,००० रुपये काढता येतील असं सांगण्यात आलं, कारण बँकेच्या कर्जांपैकी ७० टक्क्यांहून अधिक एकाच बिल्डर समूहाकडे होती आणि ती हजारो बनावट खात्यांखाली दडवलेली होती. जानेवारी २०२२ मध्ये ती युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. ५ लाखांपेक्षा मोठ्या ठेवी असलेल्यांच्या वाट्याला दहा वर्षांपर्यंतची हप्तेबंदी आली. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यू इंडिया सहकारी बँकेवर निर्बंध आले, आरोप १२२ कोटींच्या अपहाराचा. जॉर्ज फर्नांडिस यांनी मुंबईतल्या कामगारांसाठी १९६८ मध्ये सुरू केलेली ही बँक. ऑगस्ट २०२५ मध्ये सारस्वतने ती सामावून घेतली नसती, तर काय झालं असतं याची कल्पना करवत नाही. मुंबईतल्या चाकरमान्याला निवृत्तीचे पैसे बँकेत अडकणं म्हणजे काय हे रत्नागिरीच्या वाड्यावाड्यांत कोणाला समजावून सांगायला नको.

सहकारी बँकेच्या रचनेतलाच एक वाकडेपणा इथे बोलून टाकला पाहिजे. कर्ज घेतलं की कर्जाच्या अडीच ते पाच टक्के रक्कम शेअर म्हणून कापून घेतात. ट्रॉलरच्या त्या ५० लाखांना तारणी कर्जाचा अडीच टक्के दर लावला, तर सव्वा लाख. म्हणजे सभासद मुख्यतः कर्जदार. ठेवीदाराला शेअर घ्यावाच लागत नाही, म्हणून त्याला मतही नसतं. पैसा ठेवीदाराचा, मत कर्जदाराचं, आणि कर्जदारांच्या मतांवर निवडून आलेले संचालक कर्ज मंजूर करणार. मग ठेवीदाराच्या बाजूने टेबलावर कोण बसतं? रिझर्व्ह बँकेच्या अटी. संचालक आणि त्यांच्या नातलगांना कर्ज देण्यावर २००३ मध्ये बंदी आली, एका कर्जदाराला टियर-१ भांडवलाच्या १५ टक्क्यांहून अधिक कर्ज नको ही मर्यादा २०२० मध्ये आली. या बंधनांना जाच म्हणणारा माणूस कोणाच्या वतीने बोलतो आहे, हे त्याला विचारायलाच हवं.

सगळी तक्रार मात्र पोकळ नाही. भांडवल उभारण्याच्या बाबतीत सहकारी बँकेचे हात खरोखर बांधलेले आहेत. तिचा शेअर दर्शनी किमतीलाच विकायचा, दर्शनी किमतीलाच परत घ्यायचा. लाभांशावर महाराष्ट्राच्या सहकार कायद्याने १५ टक्क्यांची मर्यादा घातलेली, आणि राखीव निधी कितीही फुगला तरी सभासदाच्या पदरात त्यातलं काही पडत नाही. असा शेअर कर्ज नको असलेला माणूस का घेईल? खासगी बँक बाजारात जाऊन अधिमूल्याने भांडवल उचलते, आणि सहकारी बँकेकडून तीच १२ टक्क्यांची अपेक्षा. दीर्घ मुदतीचे रोखे आणि प्राधान्य शेअर काढण्याची परवानगी आता आहे, पण चार-पाच शाखांच्या बँकेचे रोखे कोण घेणार? मार्च २०२४ मध्ये सुरू झालेली नागरी बँकांची छत्रसंस्था, एनयूसीएफडीसी, भांडवल आणि तंत्रज्ञान पुरवण्यासाठी आहे. तिच्याकडे मागणी करा, ती वेळेत कामाला लागावी म्हणून दबाव आणा. ही मागणी रास्त आहे. पर्याप्तता कमी करा ही नाही.

दुसरी रास्त तक्रार सहकार खात्याबद्दल आहे, पण ती मिंट रोडवर नेऊन उपयोग नाही. तिचा पत्ता पुण्याचं सहकार आयुक्तालय. थकबाकीदाराविरुद्ध कलम १०१ चा वसुली दाखला मिळायला आणि त्यानंतर जप्तीपर्यंत पोहोचायला लागणारा वेळ, संचालकांवर नुकसानीची जबाबदारी निश्चित करणाऱ्या कलम ८८ च्या चौकशीचं वर्षानुवर्षं रखडणं, यांमुळे चांगल्या बँकेचे एनपीएही हटत नाहीत आणि वाईट बँकेचे संचालकही मोकळे फिरतात. छोट्या बँकेला हत्यारं नाहीत असं मात्र म्हणू नका. कोर्टात न जाता तारण ताब्यात घेऊ देणारा सरफेसी कायदा सहकारी बँकेला वापरता येतो हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ५ मे २०२० रोजी ठरवलं, आणि तो खटला कागल तालुक्यातल्या मुरगूडच्या विश्वासराव पाटील सहकारी बँकेच्या प्रकरणातला होता. मुरगूडचा निकाल देशाला लागू आहे, रत्नागिरीलाही.

आणि पतसंस्था? त्यांना ‘बँक’ हा शब्द वापरण्याची मनाई आहे, रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये लोकांना तसं बजावलंही होतं. तरी आपल्याकडे पिग्मी गोळा करायला येणाऱ्या मुलीला दुकानदार ‘बँकवाली’च म्हणतो. रोज शंभर-दोनशे रुपये देणाऱ्या त्या दुकानदाराला हे माहीत नसतं की नागरी बँकेतल्या त्याच्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा आहे, आणि पतसंस्थेतल्या ठेवीला एक रुपयाचाही नाही. नवे परवाने सुरू झाले की सर्वांत आधी अर्ज करायला आपल्या पतसंस्था धावतील. धावू देत. पण परवाना मागताना संस्थेच्या इमारतीचा फोटो आणि एकूण व्यवसायाचा आकडा पुढे करण्याऐवजी त्यांनी संचालक मंडळात किती जण बँकिंग जाणणारे आहेत, सर्वांत मोठ्या दहा कर्जदारांकडे किती रक्कम आहे आणि मागच्या पाच वर्षांत किती थकीत खाती नव्या कर्जाने जुनी फेडून ‘नियमित’ केली, हे तीन आकडे अर्जाच्या पहिल्या पानावर लिहावेत. रिझर्व्ह बँक ते मागेलच. ठेवीदारांनी त्याआधी, येत्या सप्टेंबरातल्या वार्षिक सभेत, मागावेत.